अमेरिकेच्या सुरुवातीच्या कागदी नोटा: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं या नोटा जमवतोय. इथल्या मराठी मंडळींकडून आणि पुण्या-मुंबईच्या नाणी-नोटावाल्या मित्रांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एकत्र लिहून काढले. प्रश्न लोकांनी पाठवले तसेच ठेवलेत. सोपे आधी, किचकट शेवटी.

१. "अर्ली अमेरिकन पेपर मनी" म्हणजे नक्की कुठल्या नोटा? माझ्याकडे १८५० ची एका बँकेची नोट आहे, ती यात येते का?

नाही येत. जमवणारे लोक या नावाखाली साधारण १६९० पासून १७८० च्या दशकाच्या शेवटापर्यंतच्या नोटा धरतात. त्यात तीन ढीग पडतात. एक म्हणजे ब्रिटिश वसाहतींनी काढलेल्या, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स वगैरेंच्या. दुसरा कॉन्टिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी काढलेल्या. तिसरा त्याच वसाहती "राज्यं" झाल्यावर त्यांनी स्वतः काढलेल्या. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत पहिल्या कलमाच्या दहाव्या सेक्शनमध्ये राज्यांना अशा नोटा काढायला सरळ बंदी घातली आणि हा अध्याय तिथे संपला. तुमची १८५० ची नोट खासगी बँकेची आहे, तिला "ऑब्सोलीट" म्हणतात, तो वेगळा छंद आणि त्याचे कॅटलॉगही वेगळे. सिव्हिल वॉरमधल्या कॉन्फेडरेट (दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांच्या) नोटा पण इथे धरत नाहीत.

२. जगातली पहिली सरकारी नोट अमेरिकेत निघाली असं वाचलं, खरं का?

अर्धं खरं. चीनमध्ये कागदी पैसा त्याच्या कित्येक शतकं आधी चालत होता. युरोपात स्टॉकहोमच्या बँकेने १६६१ मध्ये नोटा काढल्या, पण ती बँक होती. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत १६८५ मध्ये रोकड संपली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पत्त्यांच्या कॅटवर सह्या करून सैनिकांचे पगार भागवले. मॅसॅच्युसेट्सचा मान असा की पाश्चात्य जगात एखाद्या सरकारने स्वतःच्या नावावर रीतसर छापून काढलेल्या पहिल्या नोटा त्यांच्या, डिसेंबर १६९० च्या.

त्यामागची गोष्ट मला फार आवडते. सर विल्यम फिप्सच्या हाताखाली क्यूबेकवर मोहीम गेली होती, लूट मिळेल आणि त्यातून सैनिकांचा पगार होईल असा हिशोब होता. मोहीम फसली, सैनिक रिकाम्या हाताने परत आले, तिजोरीतही काही नव्हतं आणि पगार मागणारे सैनिक दारात उभे. मग आधी ७,००० पौंडांच्या नोटा काढल्या आणि पुढे तो आकडा ४०,००० पौंडांवर गेला. त्यातल्या अगदी मोजक्या शिल्लक आहेत, कोणी "१६९० ची नोट विकायची आहे" म्हणाला तर प्रश्न १० वाचल्याशिवाय पुढे बोलू नका.

३. या नोटा म्हणजे आपल्या हुंडीसारख्या का? मागे सोनं-चांदी ठेवलेलं असायचं का?

हुंडी ही एका सावकाराने दुसऱ्या सावकारावर काढलेली चिठ्ठी, तिच्यामागे त्या पेढीची पत. इथे पत सरकारची. नोटेचं कायद्यातलं नावच "बिल ऑफ क्रेडिट" होतं. तिजोरीत चांदी नसायची, पण सरकार म्हणायचं की आज ही नोट घ्या, उद्या कर भरायला याल तेव्हा आम्ही हीच नोट पैसे म्हणून घेऊ. कर गोळा झाला की परत आलेल्या नोटा जाळून टाकायच्या, म्हणजे बाजारात फार साचत नाहीत. जिथे हे नेमाने पाळलं तिथे नोट टिकली, जिथे कर लावायला टाळाटाळ केली तिथे घसरली.

दुसरी पद्धत जमिनीची. पेन्सिल्व्हेनियाने १७२३ मध्ये जमीन गहाण ठेवून शेतकऱ्यांना नोटांमध्ये कर्ज द्यायला सुरुवात केली, हप्त्यांबरोबर व्याज सरकारला मिळायचं. बेंजामिन फ्रँकलिनने १७२९ मध्ये, वय अवघं तेवीस, कागदी चलनाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली आणि पुढे त्याच नोटा छापायचं काम त्याला मिळालं. लंडनच्या व्यापाऱ्यांना मात्र घसरलेल्या नोटांमध्ये उधारी वसूल होईल याची भीती होती, म्हणून पार्लमेंटने १७५१ मध्ये न्यू इंग्लंडच्या वसाहतींवर आणि १७६४ मध्ये बाकीच्यांवर बंधनं आणली. वसाहतींच्या रागाच्या कारणांमध्ये चहाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, या चलन कायद्याचं कोणी घेत नाही, आणि मला ते खटकतं.

४. एका नोटेवर शिलिंग, दुसरीवर डॉलर, तिसरीवर दोन्ही. हा काय घोळ आहे?

हिशोब पौंड-शिलिंग-पेन्समध्ये, पण खिशातलं नाणं स्पॅनिश. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या टांकसाळीतून येणारा चांदीचा आठ रिआलचा डॉलर सगळीकडे चालायचा, आणि प्रत्येक वसाहतीने त्याची किंमत आपापली ठरवलेली. न्यू इंग्लंड आणि व्हर्जिनियात एक डॉलर म्हणजे ६ शिलिंग, न्यू यॉर्कमध्ये ८, पेन्सिल्व्हेनिया-न्यू जर्सी पट्ट्यात ७ शिलिंग ६ पेन्स, साउथ कॅरोलिनात तर ३२ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे "एक शिलिंग" कुठल्या वसाहतीचा हे कळल्याशिवाय नोटेच्या किमतीला अर्थच नाही. मेरीलँडने १७६७ मध्येच थेट डॉलरमध्ये नोटा काढल्या, काँग्रेसच्या आठ वर्षं आधी. नवशिक्यांना माझं सांगणं, नोट हातात आली की आधी हा दर लिहून ठेवा, जुन्या पत्रांतले आणि दुकानांच्या वह्यांमधले आकडे मग एकदम बोलायला लागतात.

५. कॉन्टिनेंटल करन्सी म्हणजे काय आणि किती छापली? त्याचे आज अमेरिकन सरकार पैसे देईल का?

१७७५ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बसलेल्या काँग्रेसकडे सैन्य होतं पण कर लावायचा अधिकार नव्हता. म्हणून नोटा. पहिला ठराव २० लाख डॉलरचा, त्याचा हिशोब ठरावातच आहे: १ ते ८ डॉलरच्या प्रत्येकी ४९,००० नोटा आणि २० डॉलरच्या ११,८००. बेरीज करून बघा, बरोबर २० लाख येतात. मी पहिल्यांदा कागदावर ही बेरीज केली तेव्हा त्या खोलीतली माणसं समोर बसल्यासारखी वाटली. पुढे जानेवारी १७७९ पर्यंत एकूण ११ तारखांचे इश्यू, म्हणजे नोटांचे हप्ते, निघाले आणि मिळून २४ कोटी डॉलरच्या वर नोटा गेल्या.

आज पैसे मिळणार नाहीत. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस जुने डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला आणि १७९० च्या कायद्याने शंभराला एक या दराने सरकारी रोखे दिले, ती मुदत कधीच संपली. अमेरिका १८६१ पासूनच्या आपल्या नोटा अजून मानते, त्याच्या आधीच्या नाही.

६. एवढी घसरली का? फक्त जास्त छापल्या म्हणून?

जास्त छापल्या हे मोठं कारण आहेच. पण नोटा परत ओढून घ्यायला कर लागतो (प्रश्न ३), तो लावायचं काम तेरा राज्यांवर सोपवलेलं आणि राज्यं स्वतःच्याही नोटा छापत बसलेली. त्यात ब्रिटिशांनी नकली नोटा ओतल्या, आणि हे चोरून नाही बरं का, एप्रिल १७७७ मध्ये न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात उघड जाहिरात आली की इतर वसाहतींमध्ये जाणाऱ्यांना काँग्रेसच्या हुबेहूब नकली नोटा हव्या तेवढ्या मिळतील, किंमत फक्त कागदाच्या रिमची. न्यू यॉर्क तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. नकलीचा सुळसुळाट इतका झाला की मे १७७७ आणि एप्रिल १७७८ चे दोन अख्खे इश्यू काँग्रेसला जानेवारी १७७९ मध्ये परत बोलवावे लागले. कवडीमोल गोष्टीला "कॉन्टिनेंटलच्याही लायकीची नाही" म्हणायची पद्धत इंग्रजीत तिथूनच पडली.

मला मात्र या नोटांना "फसलेला पैसा" म्हटलेलं आवडत नाही. सैनिकांचे बूट, दारूगोळा, घोड्यांचा चारा, युद्धाची पहिली चार-पाच वर्षं याच कागदावर निघाली.

७. नोटांवर ही चित्रं आणि लॅटिन कशासाठी? काही गुप्त अर्थ आहे का?

गुप्त काही नाही, उलट सगळ्यांना समजावं म्हणून ती चित्रं. योआखिम कामेरारियसचं प्रतीक-चित्रांचं एक जुनं युरोपीय पुस्तक फ्रँकलिनकडे होतं, बरीच चित्रं त्यातून घेतली. एक डॉलरवर वजनाखाली दाबलेलं झाड, "दाबलं तरी पुन्हा उठतं". तीनवर गरुड आणि त्याच्यावर चोचीने उलटा वार करणारा करकोचा, "निकाल अजून ठरायचाय". पाचवर काटेरी झुडपात हात घालून रक्तबंबाळ झालेला हात, "सोसा, नाहीतर हात घालू नका". सहावर झाड कुरतडणारा बीव्हर आणि शब्द एकच, "चिकाटीने". आठवर वीणेसारखं हार्प, लहान-मोठ्या तारा एका सुरात, म्हणजे लहान-मोठ्या वसाहती. सैनिकाला पगारात मिळणारी नोट हीच त्याच्या हातातली प्रचारपत्रिका होती.

फेब्रुवारी १७७६ च्या डॉलरपेक्षा छोट्या नोटा मला सगळ्यात जवळच्या वाटतात. एक षष्ठांश, एक तृतीयांश, अर्धा आणि दोन तृतीयांश अशा चार किमती, प्रत्येकी सहा लाख. पुढे सूर्यघड्याळ, त्याखाली "फ्यूजिओ", म्हणजे "मी पळतोय", आणि "आपापल्या कामाला लागा". मागे एकमेकांत अडकवलेल्या तेरा कड्या, मधे "आम्ही एक". हेच डिझाइन १७८७ च्या तांब्याच्या फ्यूजिओ सेंटवर आलं. आणि सप्टेंबर १७७८ च्या ५० डॉलरवर तेरा पायऱ्यांचा अपुरा पिरॅमिड आहे, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सनच्या डोक्यातून निघालेला, आजच्या एक डॉलरच्या मागे जो पिरॅमिड दिसतो त्याच्या आधीचा.

८. मागच्या बाजूला झाडाचं खरं पान चिकटवल्यासारखं दिसतं. कसं केलं?

फ्रँकलिनची युक्ती, १७३० च्या दशकाच्या शेवटाकडे सुरू झालेली. खऱ्या पानाचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा आणि त्यावरून छपाईच्या धातूचा ठोकळा ओतायचा. पानाच्या शिरा कुठे जाड कुठे केसाएवढ्या बारीक, अशा चढउताराची नक्कल त्या काळच्या कुठल्याही कोरक्याला हाताने जमणं अशक्य. फ्रँकलिननंतर त्याचा भागीदार डेव्हिड हॉल, आणि मग हॉल अँड सेलर्स यांनी हीच पद्धत चालवली, त्यामुळे कॉन्टिनेंटल नोटांच्या मागेही पानं दिसतात.

कागद पण खास. चिंध्यांच्या लगद्यात निळे धागे आणि अभ्रकाचे कण मिसळलेले, नोट दिव्याखाली तिरकी धरा, चमचम दिसेल. २०२३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ६०० नोटांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात असंही निघालं की फ्रँकलिनच्या काळ्या शाईत ग्रॅफाइट होतं, इतरांच्या शाईसारखी जाळलेल्या हाडाची काजळी नव्हती. एवढ्या जमवलेल्या नोटा आणि हे इतक्या उशिरा कळलं, त्यावरून किती काम बाकी आहे ते दिसतं.

९. माझ्या नोटेवर दोन सह्या आहेत. कोणी मोठा माणूस असेल का?

बहुतेक फिलाडेल्फियाचा व्यापारी असेल. कॉन्टिनेंटल नोटांवर छापील सही नसायची, एक डॉलर आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नोटेवर दोघांनी हाताने सही करायची आणि नंबरही हाताने घालायचा. मानधन हजार नोटांना एक डॉलर आणि वर एक तृतीयांश. सगळे इश्यू मिळून दोनशेहून जास्त लोकांनी हे काम केलं.

पण वसाहतींच्या नोटांवर नशीब उघडू शकतं. न्यू जर्सीच्या २५ मार्च १७७६ च्या नोटांवर जॉन हार्टची सही सापडते, आणि हा त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा शेतकरी. त्या नोटा तशा बऱ्यापैकी मिळतात. एडिसन-प्रिन्सटन भागात राहणाऱ्यांनी एकतरी घ्यावी असं मी प्रत्येकाला सांगतो, हार्टचं गाव होपवेल गाडीने जवळच आहे, तिथे जाऊन यायचं आणि मग घरी येऊन नोट बघायची, फरक पडतो.

१०. म्युझियमच्या दुकानातून / आजोबांच्या ट्रंकेतून नोट मिळाली, खरी का खोटी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. मला फोटोत येणाऱ्या बहुतेक नोटा विसाव्या शतकातल्या स्मरणिका असतात, पिवळट-तपकिरी, कुरकुरीत, मुद्दाम चुरगळलेल्या. शाळेच्या सहलीत, पर्यटनाच्या दुकानात ढिगाने विकल्या जातात.

घरी बसून करायच्या तपासण्या सांगतो. भिंगातून सही बघा. खरी सही पेनच्या टाकाने केलेली, वळणावर शाई साचलेली, बऱ्याच नोटांवर एक सही लाल शाईत, आणि छपाईपेक्षा वेगळ्या रंगाची. स्मरणिकेत सही आणि मजकूर एकाच शाईत, एकाच जाडीत छापलेले. मग नोटेचा नंबर आणि किंमत टाकून नेटवर इमेज शोधा, तोच नंबर तीच सही आणखी दहा ठिकाणी दिसली तर विषय संपला, कारण स्मरणिका एकाच अस्सल नोटेवरून छापतात. तिसरं, कागद. खरा कागद चिंध्यांचा, मऊ, कापडासारखा, अडीचशे वर्षांनीही लवचिक. मागून छपाईचा दाब बोटाला लागतो. १९७३ च्या अमेरिकन कायद्यानुसार नकलेवर "कॉपी" छापणं बंधनकारक झालं, पण त्याआधीच्या नकलांवर ते नसतं, तेव्हा "कॉपी" लिहिलेलं नाही म्हणून खरी असं धरू नका.

स्मरणिका निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. आजोबांनी ती जपली ना, ठेवा.

११. एक्स्पर्टने सांगितलं "काउंटरफिट आहे, पण त्या काळातली". मग टाकून देऊ का?

अजिबात नाही! त्या काळातली नकली नोट ही स्वतःच ऐतिहासिक वस्तू, कधी कधी खरीपेक्षा महाग जाते. फ्रँकलिनच्या छापखान्याच्या नोटांवर "नकलेची शिक्षा मृत्यू" असं छापलेलं असायचं, तरी लोक करत होते. मॅसॅच्युसेट्सच्या रेहोबोथ गावातली मेरी बटरवर्थ १७१६ पासून घराच्या स्वयंपाकघरात हे करत होती. ओलसर खळ घातलेल्या मलमलीवर गरम इस्त्रीने खऱ्या नोटेचा ठसा उचलायचा, तो कोऱ्या कागदावर उतरवायचा, पिसाच्या पेनने रेषा गडद करायच्या आणि मलमल चुलीत टाकायची. तांब्याची प्लेटच नाही, त्यामुळे १७२३ मध्ये पकडली तरी पुरावा सापडला नाही आणि ती सुटली. ओवेन सुलिव्हन या दुसऱ्या नकली नोटावाल्याचं तसं झालं नाही, त्याला १७५६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये फाशी दिलं.

ओळखायची कशी? खऱ्या नोटांमध्ये छापणाऱ्यांनी मुद्दाम अक्षरात बारीक तुटी ठेवलेल्या असतात, नकलीत त्या नसतात किंवा भलतीकडे असतात. हॉल अँड सेलर्सने तुलनेसाठी निळ्या कागदावर सही-नंबर नसलेल्या नमुना नोटा छापून अधिकाऱ्यांना दिल्या होत्या, त्या आज फार दुर्मिळ. फोटो शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवायला एक संध्याकाळ जाते. करा.

१२. नोटेला मधोमध भोक किंवा चीर आहे. खराब झाली म्हणायची का?

ही सरकारी खूण आहे. पैसे चुकते करून नोट रद्द केली की तिला भोक पाडायचे किंवा कापायचे. कनेक्टिकटच्या नोटांवर चीर नेहमीच दिसते, १७८० च्या "युनायटेड स्टेट्सची हमी" असलेल्या ५ टक्के व्याजाच्या राज्यांच्या नोटांवर गोल भोक. भोक नसलेली जास्त महाग हे खरं, पण भोकवाली नोट सांगते की सरकारने शब्द पाळला. भोक बुजवून "दुरुस्त" करणारे लोक आहेत, तशी नोट उजेडासमोर धरली की कळते.

१३. आणि ही दोऱ्याने शिवलेली आहे! मागे दुसरा कागद चिकटवलाय. दोरा काढू का?

हात लावू नका, विनंती आहे. नोटा घडी घालून घालून मधून तुटायच्या आणि लोक त्या सुईदोऱ्याने शिवून, टाचणी लावून, कधी वर्तमानपत्राचा तुकडा मागे चिकटवून परत चालवायचे. तो दोरा कुठल्यातरी घरातल्या बाईने १७७८ च्या आसपास घातलेला असू शकतो आणि मागच्या चिकटवलेल्या कागदावर कधी तारीख, हिशोब, नाव सापडतं. माझ्याकडची सगळ्यात आवडती नोट अशीच शिवलेली आहे, बाजारभावाने सगळ्यात स्वस्त. हल्लीच्या सेलोटेपची गोष्ट वेगळी, पण तोही घरी ओढायचा नाही, कागद-संवर्धन करणाऱ्याकडे द्या.

१४. ग्रेडिंग करून प्लास्टिकमधली घ्यावी का सुटी? आणि "प्रेस" केलेली म्हणजे काय?

नवशिक्याने पहिल्या दोन-चार ग्रेड केलेल्या घ्याव्यात. कंपन्या ७० पैकी मार्क देतात, खरी-खोटी तपासतात आणि दुरुस्ती केली असेल तर लेबलवर लिहितात. मार्कांपेक्षा ते शेरे आधी वाचा.

प्रेस म्हणजे ओल्या वाफेने घड्या काढून दाबून सपाट केलेली. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून न्यू यॉर्कची एक सुटी नोट घेतली होती, एकदम पांढरीशुभ्र, गुळगुळीत, फार खूश होतो. नंतर कळलं की ती धुऊन दाबली होती. हाताच्या सह्या फिकट पडलेल्या, छपाईचा उठाव गेलेला, आणि धुतल्यामुळे मागे कोणीतरी शाईत लिहिलेलं एक नाव जवळजवळ पुसलं गेलेलं, अतिनील दिव्यात पहिली दोन अक्षरं दिसतात फक्त. पैशाचं दुःख कधीच गेलं, त्या नावाचं नाही गेलं. म्हणून सांगतो, मळकी चालेल, धुतलेली नको.

१५. बजेट कमी आहे, सुरुवात कशाने करू?

साधारण स्थितीतली, जास्त सापडणाऱ्या इश्यूची कॉन्टिनेंटल नोट शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास मिळू शकते. न्यू जर्सी मार्च १७७६, डेलावेअर जानेवारी १७७६, ऱ्होड आयलंड १७८६ याही आवाक्यातल्या. सगळ्या वसाहती पूर्ण करायच्या मागे लागू नका, एक वसाहत किंवा एक विषय धरा. कोणी फक्त पानांच्या छापाच्या जमवतं, कोणी फक्त शिवलेल्या. मॅसॅच्युसेट्सच्या पॉल रिव्हियरने कोरलेल्या "तलवार हातात" नोटांचं स्वप्न सगळेच बघतात, त्या महाग. १७७५ मध्ये त्याने हार्वर्डच्या इमारतींचं चित्र कोरलेली स्वतःची जुनी तांब्याची प्लेट कापून तिच्या पाठीवर नोटा कोरल्या. १७७५ च्या नोटेवरच्या सैनिकाच्या दुसऱ्या हातात "मॅग्ना कार्टा" (इंग्रजांच्या हक्कांची जुनी सनद) आहे, १७७६ च्या नोटेवर त्या जागी "स्वातंत्र्य".

१६. नुसतं जमवायचं नाही, संशोधन करायचंय. कुठून सुरू करू? भारतात बसून होईल का?

होईल, आणि अगदी फुकट. नोट ओळखायला एरिक न्यूमन यांचा कॅटलॉग हाच पाया, पहिली आवृत्ती १९६७ ची, पाचवी २००८ ची. सेंट लुईसचे हे गृहस्थ १०६ वर्षं जगले आणि त्यांच्या नावाचं न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल जुने लिलाव कॅटलॉग, मासिकं सगळं खुलं करून बसलंय. कॉन्टिनेंटल काँग्रेसची कामकाजपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत, किती छापायच्या, सह्या कोणी करायच्या, सगळे ठराव तिथे. नोत्र दाम विद्यापीठाच्या लायब्ररीने वसाहतवार फोटो आणि माहिती लावलीय.

करायचं काय? एक नोट घ्या, फोटोवरची सुद्धा चालेल. इश्यूचा ठराव शोधा. सही करणाऱ्या दोघांची नावं वाचा (अठराव्या शतकातला लांब "एस" एफसारखा दिसतो, तिथे बरेचजण अडतात, आपल्या मोडीवाल्यांना अशी सवय असतेच), मग त्या माणसांचा शोध जुन्या वर्तमानपत्रांत आणि करांच्या यादीत घ्या. जुन्या लिलावांच्या फोटोंमधून एकाच इश्यूचे नंबर आणि सह्यांच्या जोड्या एका शीटमध्ये भरत गेलात की कोण कोणाबरोबर कुठल्या नंबरांवर सह्या करत होतं ते दिसायला लागतं. पुण्यातल्या एका मित्राने एकही नोट विकत न घेता असा तक्ता केलाय, मी तो माझ्या नोटांसाठी रोज वापरतो.

१७. कोकणातल्या दमट हवेत कशा ठेवू?

पॉलिएस्टरच्या पाकिटात, पीव्हीसीच्या अल्बममध्ये कधीच नाही, तो चिकट होऊन कागद खातो. लॅमिनेशन म्हणजे नोट गेली. सिलिका जेल डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गरम करून परत टाका. फ्रेम करून भिंतीवर लावायची हौस असेल तर स्कॅन काढून स्कॅनची फ्रेम करा.

१८. अमेरिकेतून येताना नोटा भारतात आणल्या तर?

येताना कस्टमला काय आहे ते सांगा, बिल बरोबर ठेवा, ड्युटीचं आधी विचारून घ्या. लोक विसरतात ती बाजू वेगळीच. भारतात १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा आणलेली नोट परत अमेरिकेत विकायला किंवा ग्रेडिंगला पाठवायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर आणायच्या आधीच पुरातत्त्व खात्याकडे विचारा, आणि आयातीचे कागद जन्मभर जपून ठेवा. ग्रेडिंग तिकडेच उरकून आणणं सगळ्यात सोपं.

१९. नोटेवर "युनायटेड कॉलनीज" आहे पण तारीख नोव्हेंबर १७७६. स्वातंत्र्य तर जुलैत जाहीर झालं होतं, म्हणजे नकली?

नाही. नाव बदलायला नोटांना उशीर लागला. जुलै १७७६, नोव्हेंबर १७७६, एवढंच काय फेब्रुवारी १७७७ च्या नोटांवरही "युनायटेड कॉलनीज"च आहे. "युनायटेड स्टेट्स" पहिल्यांदा येतं ते २० मे १७७७ च्या इश्यूवर. आणि छापलेली तारीख ही ठरावाची किंवा अधिवेशनाची, छपाईची नाही. १० मे १७७५ ही तारीख असलेल्या नोटांना मंजुरीच जूनमध्ये मिळाली.

२०. "यॉर्कटाउन" लिहिलेली नोट आहे, व्हर्जिनियाच्या शेवटच्या लढाईशी संबंध?

संबंध नाही, जरी विकणारे कधी कधी तसं सुचवतात. फिलाडेल्फिया ब्रिटिशांनी घेतल्यावर काँग्रेस पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात पळाली होती, ११ एप्रिल १७७८ चा इश्यू तिथे मंजूर झाला म्हणून ते नाव. व्हर्जिनियातली लढाई १७८१ ची. हा इश्यू परत बोलावलेल्या दोनपैकी एक (प्रश्न ६), त्यामुळे कमी सापडतो आणि नकलीचं प्रमाणही जास्त. घेण्याआधी प्रश्न ११ मधली अक्षरं जुळवायची तपासणी करा, आणि पटली नाही तर सरळ सोडून द्या.

२१. माझ्या दोन नोटांवर एकच नंबर आहे! असं कसं?

किमती बघा. एक चारची आणि एक सहाची असेल तर काही बिघडलेलं नाही, प्रत्येक किमतीचे नंबर वेगळे चालायचे. किंमत, तारीख, सह्या आणि नंबर चारही सारखे असतील तर प्रश्न १० कडे जा. किंमत आणि तारीख सारखी पण सह्या वेगळ्या असतील तर एक जुनी नकली असू शकते, किंवा नंबर घालणाऱ्याचा हात चुकला असेल. अशी जोडी तुमच्याकडे असेल तर दोन्ही बाजूंचे स्कॅन मला नक्की पाठवा, मी असे नमुने गोळा करतोय आणि प्रत्येकाला उत्तर देतो.